राखलेलं पाणी

विहिरीला झरा असतो, पोहण्याच्या तलावाला नसतो. विहिरीचं पाणी कुणी न बघता आपलं आपण बदलत राहतं. खालून झिरे फुटतात, वरून कळशा आणि मोटरी उपसा करतात, आणि उपसा चालू आहे तोवर पाणी गोड राहतं. जुनी माणसं पडीक विहिरीला तोंड लावायची नाहीत, नांदत्या विहिरीचंच पाणी प्यायची. चहूबाजूंनी फरशी लावलेल्या, तळ बंद केलेल्या तलावात मात्र पाण्याला जे काही मिळायचं ते माणसाच्या हातूनच: प्रवाह, गाळणी, औषध, झाकण. एक दिवस हात मागे घेतला तर कळत नाही. दुसऱ्या दिवशी फरशीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तिसऱ्या दिवशी पाण्याची चमक जाते, आणि पुढचं शेवाळाला शिकवावं लागत नाही.

आमची वाडी नागावला आहे, अलिबागच्या खाली. नारळी-पोफळीची, एका टोकाला विहीर आणि डोण, दुसऱ्या टोकाला तलाव. इकडे आता दोन घरं सोडून तिसऱ्या घरी पाहुण्यांच्या खोल्या असतात. भावाने खोल्या बांधल्या तेव्हा त्यांच्यासोबत तलावही आला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, उथळ बाजूला 1.2 मीटर आणि खोल बाजूला 1.6. हिशेबाने 45 हजार लिटर पाणी. पहिल्यांदा भरला तेव्हा विहिरीला दम घेऊ देत, रात्री थोडं आणि पहाटे थोडं असं करत भरला. भाऊ मुंबईला परत गेला आणि पाणी माझ्याकडे राहिलं. तेव्हापासून ते माझंच आहे असं मी मानते.

सकाळ जाळीने सुरू होते. लांब दांड्याची जाळी पाण्यावरून सावकाश ओढायची. घाई केली तर कचरा लाटेबरोबर पुढे पळतो. पोफळीचा फुलोरा झडतो तेव्हा तांदळाएवढ्या फिकट फुलांचा थर पाण्यावर धरतो. चतुरांचे पंख असतात, मुंग्या असतात, उन्हाळ्यात झावळीचा बारीक भुसा असतो. स्किमरच्या टोपलीत हात घालताना मी आधी वाकून बघते, कारण तिथे हमखास एखादा बेडूक बसलेला असतो. गुळगुळीत फरशीवरून त्याला बाहेर निघता येत नाही, आणि पंप चालू झाला की पाण्याची ओढ त्याला टोपलीकडे नेते. म्हणून काठाला एक फळी तिरपी टेकवून ठेवली आहे. ती लावल्यापासून टोपलीत बेडूक कमी दिसू लागले. पाणी राखायचं म्हणजे पाण्यावर येणाऱ्या जिवांचाही विचार आला, हे मला तलावानेच दाखवलं.

मग फरशी घासायची. पाण्याच्या पातळीवर एक पांढरी रेघ धरते. आमचं विहिरीचं पाणी जड, समुद्र जवळ, आणि उन्हात रोज थोडं पाणी उडून गेलं की मागे राहिलेला चुना तिथे बसतो. तो आठवड्याच्या आत निघतो. महिनाभर ठेवला तर फरशीच होऊन बसतो.

पण डोळ्याला दिसणारी स्वच्छता ही निम्मीच गोष्ट आहे. उरलेली निम्मी मला आमच्या गावच्या जलसुरक्षकाने दाखवली. ग्रामपंचायतीच्या विहिरींत आणि टाक्यांत टीसीएल पावडर टाकणं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणं हे त्याचं काम. त्याच्याकडे एक छोटी नळी असते. तिच्यात पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, हलवायचं. क्लोरीन असलं तर पाणी पिवळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. गावात सगळे तिला ओटी टेस्ट म्हणतात. तो म्हणाला होता, "ताई, पाणी दिसतंय छान, पण विचारून बघा की त्याला." तेव्हापासून मी रोज सकाळी पाण्याला विचारते. पांढऱ्या कागदासमोर नळी धरायची, कारण हिरव्या वाडीसमोर सगळंच हिरवट दिसतं. माझ्या नळीला दोन खाने आहेत: एका खान्यात पिवळा, दुसऱ्या खान्यात फिनॉल रेडचा केशरी-लाल.

हा दुसरा रंग सामूचा, म्हणजे पीएचचा, आणि माझ्या मते तलावाचं सगळं मर्म त्यात आहे. क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूंच्या कवचातून आत शिरतं आणि त्यांना चटकन मारतं. दुसरं हायपोक्लोराइट, जे त्याच्यापुढे फारच मंद. कुठलं किती असावं ते सामू ठरवतो. सामू 7.5 असेल तर दोन्ही साधारण निम्मं-निम्मं. 7.2 ला कामाचं रूप दोन तृतीयांशाच्या आसपास. 8 ला ते जेमतेम पाव उरतं. म्हणजे नळीत पिवळा रंग तितकाच दिसतो, डब्यातून पावडर तितकीच जाते, आणि पाण्यातली शक्ती मात्र केव्हाच गळालेली असते. म्हणून मी आधी लाल बघते, मग पिवळा. माणसाच्या अश्रूंचा सामू 7.4 च्या जवळपास असतो. तलावही तिथेच ठेवला तर डोळे उघडे ठेवून पोहता येतं, आणि लहान मुलं डोळे उघडे ठेवूनच पोहतात.

आकडे किती लहान असतात बघा. 45 हजार लिटरला 1 पीपीएम क्लोरीन म्हणजे 45 ग्रॅम. 65 टक्क्यांची दाणेदार पावडर असेल तर सत्तर ग्रॅम, एक छोटी मूठ. एवढ्या पाण्याला एवढंसं औषध पुरतं, ते मात्र रोज लागतं. आणि ते टाकायचं संध्याकाळी. भर दुपारच्या उन्हात उघडं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक संपून जातं. उन्हापासून ते राखायला सायन्यूरिक आम्ल मिसळतात, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत ते आधीच असतं. क्लोरीन वापरून संपतं, हे आम्ल संपत नाही, साठत जातं. फार साठलं की क्लोरीन असूनही बांधल्यासारखं होतं. म्हणून मी गोळ्या फक्त एप्रिल-मे महिन्यांत तरंगत्या डब्यात ठेवते, एरवी पावडर. पावडर आधी बादलीभर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. सामू उतरवायच्या ॲसिडचा कॅन वाडीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळ्या खोलीत. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर त्यातून जो वायू निघतो तो माणसाला जागचं हलू देत नाही. भाची सुट्टीला आली की पहिल्या दिवशी तिला हे दोन कोपरे दाखवते.

पाहुणे आले की नाक वर करून म्हणतात, "क्लोरीनचा वास येत नाहीये, टाकता ना?" हा गैरसमज मी मोठ्या आवडीने दूर करते. सार्वजनिक तलावावर जो उग्र वास येतो, ज्याने डोळे चुरचुरतात, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, तेल, लघवी यांच्याशी भिडून क्लोरीनची जी क्लोरामाइन्स होतात त्यांचा तो वास. पाणी दमलं की असा वास येतो. त्यावर उपाय म्हणजे आणखी क्लोरीन, तेही भरपूर, आणि त्याहून मोठा उपाय म्हणजे आधी आंघोळ. आमच्याकडे बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय ओटीवर चढत नाही. तोच नियम मी तलावाला लावला. काठाशी बादली, तांब्या आणि बसायला दगड. अंगाला लावलेलं तेल, अत्तर, क्रीम सगळं तिथे उतरवायचं, मग पाण्यात उतरायचं. कुणाला हे जाचक वाटतं. मला ते पाण्याच्या घरात शिरतानाचं साधं वळण वाटतं, आणि त्यात मी सूट देत नाही.

पाहुण्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "ताई, पाणी बदललंय ना?"

बदललं नाही. बदलत नाही. हे ऐकून लोक दचकतात. स्वच्छ पाणी म्हणजे नवं पाणी असं आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आठवते. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे एका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर, आमच्या तलावाहून थोडं जास्त. एक आख्खी वाघीण आमच्या वाडीत पोहण्यासाठी उभी आहे, हे तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. ज्याला पाणी राखता येत नाही, दर महिन्याला तलाव रिकामा करून बोअरवेलवर पुन्हा भरायची वेळ ज्याच्यावर येते, त्याने तलाव बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात आमच्या तलावातून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं. ऐकायला काहीच नाही, पण एवढ्या पृष्ठभागाचे ते दीडशे-दोनशे लिटर होतात. म्हणून पोहणं संपलं की रात्री आच्छादन घालते. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं पाणी ओहोळात सोडत नाही, तिथे मासे आहेत. ते एका हौदात दोन दिवस उन्हात ठेवायचं, क्लोरीन उडून गेलं की नारळांना द्यायचं.

पण पाणी बदलत नाही, हेही पुरतं खरं नाही. एका पावसाळ्यात मी कागद घेऊन बसले. अलिबागला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आमच्या तलावाची सरासरी खोली 1.4 मीटर. म्हणजे आभाळातून तलावात जे पडतं ते तलावातल्या पाण्याहून जास्त. नवं पडतं, मिसळतं, वरच्या नळातून जादाचं बाहेर जातं. नीट मिसळलं असं धरलं तर दसऱ्यापर्यंत जुन्या पाण्यातला फार तर पाव हिस्सा उरतो. मी वर्षभर जिवापाड जपते ते पाणी हे असं समुद्राकडे निघून जातं, आणि त्याच्या जागी दुसरंच येऊन उभं राहतं. गणित सुटलं तेव्हा जरा हुरहूर वाटली. मग वाटलं, मी राखते ते नेमकं काय? नळीतला पिवळा, नळीतला लाल, तळाची फरशी. थेंब कुठलेही असोत.

पावसाचं पाणी फार मवाळ असतं. त्यात क्षार नाहीत, सामूला धरून ठेवणारी ताकद नाही. चार दिवस झड लागली की तलावाची अल्कलिनिटी, म्हणजे हीच ताकद, खाली जाते, आणि मग चिमूटभर काही टाकलं तरी सामू इकडून तिकडे उड्या मारतो. त्याला स्थिर करायला साधा खाण्याचा सोडा. 10 पीपीएम वाढवायला आमच्या तलावाला पाऊण किलो लागतो. किराणावाला पावसाळ्यात माझ्यासाठी मोठी गोणी मागवतो, आणि नव्या गिऱ्हाइकांना वाटतं की आमच्याकडे भज्यांचा कारखाना आहे.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या पोफळी एका बाजूला आडव्या झाल्या, नारळ मुळांसकट उपटले, कौलं उडाली, आणि वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. मोटर नाही, म्हणजे विहिरीतून पाणी दोराने. तलावात झावळ्या, पत्र्याचा तुकडा, शेजारच्यांची बादली, माती. पहिल्या आठवड्यात आळीतल्या बायका तलावाच्या काठी येऊन भांडी-कपड्यांना आणि संडासला पाणी घेऊन जात. पोहायचं पाणी म्हणून ज्याच्याकडे गावाने थोडं तिरकं बघितलं होतं ते गावाच्या उपयोगी पडलं, याचं मला त्या दिवसांतही बरं वाटत होतं. पंपाविना पाणी मग हिरवं होत गेलं. आधी कडेला, मग सगळीकडे, शेवटी पहिली पायरीसुद्धा दिसेना. डासांची भीती होती, म्हणून गावातल्या एका हौदातून गप्पी मासे आणून सोडले. क्लोरीन उरलं नव्हतं, त्यामुळे ते मजेत राहिले.

वीज आली तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "उपसून टाक, नव्याने भरू." मी नाही म्हटलं. आधी गप्पी मासे गाळून डोणीत नेले. मग झावळ्या, मग गाळ. मग सामू खाली आणला, संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस दिला आणि मोटर रात्रभर चालू ठेवली. सकाळी हिरव्याचं राखाडी झालं होतं: शेवाळ मेलं होतं, पण पाण्यात लोंबकळत होतं. फिल्टरमधली वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या कणांची असते. वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचं ती पकडते, त्याहून बारीक धूळ आरपार जाते. तिथे उपयोगी पडली ती तुरटी.

आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवायची आणि झाकण ठेवायची. तिच्या आईकडे निवळीच्या बिया असत, त्या मडक्याच्या आतून घासायच्या. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून कधी बसतच नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. तलावात तुरटी विरघळवून टाकली, मोटर बंद केली आणि पाण्याला रात्रभर कुणी हात लावला नाही. सकाळी वर दोन हात पाणी मोकळं झालं होतं, आणि तळाशी पिंजलेल्या कापसासारखा करडा थर. तो व्हॅक्यूमने काढायचा, फिल्टरमधून न नेता सरळ बाहेर सोडायचा. ब्रश इतका हळू सरकवायचा की थर उठता कामा नये. एक पट्टा स्वच्छ झाला की त्याच्या कडेला लागून दुसरा. हे काम मला इतर कुठल्याही कामापेक्षा आवडतं. नंतर बॅकवॉश: व्हॉल्व्हवरच्या काचेच्या डोळ्यात आधी चहासारखं पाणी धावतं, मग ताकासारखं, मग एकाएकी काच रिकामी आहे असं वाटतं. तेव्हा मोटर बंद करायची. फार धुवायचं नाही, किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा बारीक गाळते. गेजवरचा दाब आठ-दहा पीएसआय चढेपर्यंत तिला तिच्या कामात सोडायचं.

तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही, हे आजीला ठाऊक होतं. ती निवळलेलं पाणी नंतर उकळायची. केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने माणसं दगावली, त्यानंतर तिथे विहिरी आणि तलाव क्लोरीनने शुद्ध करायची मोहीम निघाली. तो अमीबा डोळ्याला दिसत नाही, नितळ पाण्यातही असू शकतो. क्लोरीनलाही मर्यादा आहेतच. ई. कोलायसारखा जंतू नीट राखलेल्या पाण्यात मिनिटाच्या आत मरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याच पाण्यात सात दिवसांहून जास्त तग धरतो. म्हणून ज्याचं पोट बिघडलं आहे त्याने बरं झाल्यावरही काही दिवस पाण्यात उतरायचं नाही. पाहुण्यांना हे विचारताना सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

आणि तरीही डोळ्याला दिसणारं नितळपण मी सोडणार नाही, त्याचं कारण सौंदर्य नव्हे. 2011 च्या जूनमध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर गावी, एका सार्वजनिक तलावात एक बाई बुडाली. पाणी गढूळ होतं. तलाव उघडाच होता, लोक पोहत होते, आणि दोन दिवस ती कुणाला दिसली नाही. ही बातमी वाचल्यापासून माझा एक नियम आहे. खोल बाजूच्या तळाशी निचऱ्याची जाळी आहे, तिला स्क्रू आहेत. काठावर उभं राहून ते स्क्रू वेगवेगळे दिसले तरच तलाव उघडा. तळाशी गेलेलं मूल एका नजरेत दिसलं पाहिजे, आणि जाळी सैल झाली असेल तर तेही, कारण सैल जाळीची ओढ माणसाला धरून ठेवते.

मागच्या वर्षी सप्टेंबरात एक मोठं कुटुंब आलं होतं, पाच-सहा पोरं. दोन दिवस धोधो पाऊस, तलावावर दुधाळ छटा. क्लोरीन बरोबर, सामू बरोबर, पण जाळी म्हणजे नुसता एक काळा डाग. मी तलाव बंद म्हटलं. घरातले मोठे चिडले: पैसे तलावाचेही घेतले आहेत, पाणी तर नीट दिसतंय. मी तलावाचे पैसे परत दिले आणि फिल्टर चालू केला. पोरं समुद्रावर गेली. दुपारी ऊन पडलं. चारच्या सुमारास स्क्रूंच्या खाचा दिसायला लागल्या तोवर सगळी परत आली होती, केसांत वाळू, पायांना चिखल, आणि सगळ्यांना आधी उडी मारायची होती. मी त्यांना बादलीकडे पिटाळलं. सर्वांत धाकटा तांब्या डोक्यावर उपडा करत ओरडून विचारत होता की झालं का, झालं का, आणि मी म्हटलं, कानामागे अजून वाळू आहे.